कॅम्पर व्हॅनला ऑनिंग बसवताना: निवड, जोडणी आणि वापर

कॅम्पर व्हॅन तयार करून घेणाऱ्याचा बहुतेक पैसा आणि विचार गाडीच्या आतल्या भागावर खर्च होतो: पलंग, पाण्याची टाकी, बॅटरी, छोटा ओटा. मुक्कामाला पोहोचल्यावर मात्र दिवसाचा मोठा वेळ गाडीबाहेर जातो, आणि आपल्याकडच्या उन्हात सावलीवाचून बाहेर बसणे थोड्याच वेळात नकोसे होते. ऑनिंग, म्हणजे एरवी गाडीच्या कडेला गुंडाळलेले आणि मुक्कामी पडवीसारखे पुढे उघडणारे कापडी छप्पर, ही त्यावरची सोय. ईको, विंगर, ट्रॅव्हलर अशा गाडीला जे पहिल्यांदाच ऑनिंग बसवणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

दुकानात गेल्यावर नवखा माणूस आधी आकार विचारतो आणि मग किंमत. माझ्या मते त्याहून आधी विचारायचा प्रश्न असा, की वारा सुटला तर हे छप्पर एकट्याला किती वेळात आवरता येईल. पुढची बहुतेक निवड या एका उत्तरावर ठरते.

आधी गाडी मोजावी

खरेदीपूर्वी गाडी सपाट जागी उभी करून तीन मापे घ्यावीत. पहिले माप जमिनीपासून छताच्या कडेपर्यंतच्या उंचीचे. ईकोसारख्या गाडीचे छत सुमारे १.८ मीटरवर असते. त्यावर क्रॉसबार, म्हणजे छतावर आडव्या बसवायच्या दांड्या, आले की ऑनिंग दोन मीटरच्या जवळपास बसते आणि उंच माणूसही त्याखाली जेमतेम ताठ उभा राहतो. ट्रॅव्हलर किंवा अर्बानिया यांची उंची अडीच मीटरच्या आसपास असल्याने डोक्याला अडचण नसते, पण कापड जितके उंच तितकी तिरप्या उन्हात सावली लांब सरकते, शिवाय गुंडाळताना स्टूल लागते. दुसरे माप सामान्यतः लोक विसरतात, ते दारांचे. सरकणारे दार असेल तर फारशी अडचण येत नाही, परंतु बाहेर उघडणाऱ्या दाराचा वरचा कोपरा ऑनिंगच्या पिशवीला किंवा उघडलेल्या आडव्या दांडीला घासतो का, हे पाहावे लागते. त्यासाठी एक बांबू छताच्या कडेला ऑनिंग येणार तेवढ्याच उंचीवर दोरीने बांधावा आणि सगळी दारे, मागचा वर उचलला जाणारा दरवाजासुद्धा, एकेक करून पूर्ण उघडून पाहावी. तिसरे माप छताच्या सरळ कडेच्या लांबीचे. ऑनिंगची पेटी या लांबीपेक्षा मोठी घेऊ नये, नाहीतर ती पुढच्या काचेच्या वर आलेली राहते आणि वेगात शिट्टी घालते.

बाजू कोणती, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा डावी असे असते, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो आणि रस्त्याकडेला थांबल्यावर उतरण्याची सुरक्षित बाजू तीच असते. परदेशी बनावटीची ऑनिंग मागवताना हे विशेष जपावे. युरोपात बहुसंख्य देशांत वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे तिथल्या व्हॅनची सरकती दारे उजव्या अंगाला असतात आणि बरीच ब्रॅकेट त्या हिशेबाने बनवलेली असतात. पंख्यासारख्या उलगडणाऱ्या २७० अंशांच्या ऑनिंगमध्ये तर डाव्या आणि उजव्या बाजूचे नमुने वेगळेच असतात. चुकीचा आला तर तो उलटा करून बसवता येत नाही.

प्रकार आणि त्यांचे गुणदोष

सर्वांत साधा प्रकार म्हणजे ताडपत्री. छतावरच्या कॅरियरला एक कड बांधायची आणि दुसरी दोन दांड्यांवर तोलून तणावे ओढायचे. ज्याने अजून एकही मुक्काम केलेला नाही त्याने पहिला हिवाळा ताडपत्रीवरच काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपण गाडी कशी लावतो, दाराच्या कोणत्या अंगाला बसतो, किती सावली लागते, हे सगळे त्यातून कळते आणि पुढची खरेदी अंदाजपंचे होत नाही.

दुसरा प्रकार पिशवीतली ऑनिंग. यात ॲल्युमिनिअमची एक पट्टी क्रॉसबारला कायम जोडलेली असते, कापड पुढच्या दांडीवर गुंडाळून चेन असलेल्या जाड पीव्हीसी पिशवीत ठेवलेले असते आणि दोन पाय व दोन आडव्या दांड्या त्यातच घडी होऊन बसतात. दोन मीटर लांब आणि अडीच मीटर पुढे येणारा नमुना सर्वसाधारणपणे १० ते १६ किलोंचा असतो. ईको आणि तत्सम गाड्यांना हाच प्रकार साजेसा आहे, आणि या लेखातील जोडणीचा भाग मुख्यतः त्यालाच धरून लिहिला आहे.

तिसरा प्रकार कॅसेटचा. इटलीच्या फियामा किंवा स्वीडनच्या थुले कंपनीची अशी ऑनिंग ॲल्युमिनिअमच्या बंद पेटीत असते आणि हँडल फिरवून बाहेर येते. ती देखणी असते, ऊन-धुळीपासून कापड उत्तम सांभाळते आणि उघडायला सोपी असते. मात्र तीन मीटरची कॅसेट वीस किलोंच्या वर जाते, तिचे सुटे भाग आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि कापड पुढे पेलणारे तिचे घडीचे दांडे वाकले की पेटी खोलणारा कारागीर शोधत फिरावे लागते. ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या, सपाट बाजूंच्या गाडीवर ती शोभते. लहान व्हॅनवर तिचा खर्च आणि भार दोन्ही अवाजवी ठरतात. २७० अंशांची ऑनिंग कडेला आणि मागे अशी दोन्हीकडे सावली देते, पण तिच्या मोठ्या कापडाला वाराही तितकाच धरतो. ‘पायांशिवाय उभी राहते’ या जाहिरातीवर विसंबू नये. वाऱ्यात तिलाही पाय आणि तणावे लावावेच लागतात.

कापडाची पारख

बाजारात मुख्यतः तीन कापडे दिसतात. पॉलिएस्टर ऑक्सफर्ड हलके आणि स्वस्त असते, लवकर वाळते, परंतु सततच्या उन्हात त्याचा आतला लेप काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटू लागतो. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले रिपस्टॉप, म्हणजे फाटले तरी चीर पुढे पसरू न देणाऱ्या विणीचे, कॅनव्हास जड असते; त्याखाली उकाडा कमी वाटतो, वाऱ्यात ते कमी फडफडते आणि आवाजही कमी करते, मात्र ओले गुंडाळून ठेवले की त्याला बुरशी धरते. पीव्हीसीचा लेप असलेले कापड कॅसेटमध्ये अधिक आढळते. ते पाणी अजिबात आत घेत नाही, पण जड असते आणि दुपारी खाली बसले की वरून ऊब मारते.

पाणी रोखण्याची क्षमता, म्हणजे गळू लागण्याआधी कापड किती उंच पाण्याचा दाब पेलते ते, मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. २००० मिमी लिहिलेले कापड आपल्या कामाला पुरते, कारण पावसात ऑनिंग उघडी ठेवून बसण्याचे प्रसंग मुळात थोडेच असावेत. या आकड्यापेक्षा शिवणी नीट पाहाव्यात. सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, आणि कोपऱ्यांना, जिथे दांडीचा ताण येतो तिथे, दुहेरी कापड आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. रंगाबाबत एक सूचना: गडद कापड उन्हाचा झगझगाट अधिक अडवते पण तापतेही अधिक, फिकट राखाडी किंवा खाकी हा मधला मार्ग बरा.

बसवण्याची कृती

सुरुवात क्रॉसबारपासून होते. छताची भारक्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि त्या आकड्यात क्रॉसबार, ऑनिंग, सौर पॅनेल, वर बांधलेले सामान असे सगळेच धरायचे असते. छताच्या कडेला पन्हळ असेल तर तिला पकडणारे क्लॅम्प मिळतात. रेल असतील तर काम आणखी सोपे. दोन्ही नसतील तर छताला भोके पाडावीत का, हा प्रश्न येतो. माझे उत्तर शक्यतो नाही असे आहे. काही गाड्यांमध्ये छताच्या कडेने पडदा एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर उलगडणारी) आणि वायरिंग गेलेले असते, आणि भोकाच्या कडेला एकदा गंज सुरू झाला की तो आतल्या अस्तरामागे दिसतही नाही. भोक पाडणे अटळच असेल तर ते जाणत्या बॉडीबिल्डरकडूनच करून घ्यावे. कडेला गंजरोधक प्रायमर, बोल्टभोवती पॉलियुरेथेन सीलंट आणि पत्र्याच्या आतून ताण पसरवणारी रुंद पट्टी, यांपैकी एकही गोष्ट वगळू नये.

कायद्याची बाजूही इथेच पाहिलेली बरी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. नट-बोल्टने काढता-घालता येणारी जोडणी ठेवावी, मिटलेली ऑनिंग गाडीच्या रुंदीबाहेर, आरशांच्या पलीकडे येऊ देऊ नये आणि शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले आहे. व्हॅन भाड्याने देण्याचा विचार असेल त्यांनी त्यातील नोंदणीच्या अटीही वाचाव्यात.

आता प्रत्यक्ष जोडणी. ऑनिंग जमिनीवर चटईवर ठेवावी आणि तिच्या मागच्या पट्टीतील खाचेत बोल्टची डोकी एका टोकाने सरकवून घ्यावीत. बहुतेक नमुन्यांत हे एम-८ मापाचे बोल्ट असतात आणि त्यांना १३ नंबरचा पाना लागतो. दोन्ही क्रॉसबारमधले अंतर मोजून त्याच अंतरावर एल आकाराची ब्रॅकेट हाताने फिरतील इतपतच आवळावीत. क्रॉसबार एकमेकांपासून निदान ७० सेंटिमीटर दूर असावेत. जवळजवळ असले तर ऑनिंगची दोन्ही टोके अधांतरी राहतात आणि खड्ड्यागणिक झुलतात. त्यानंतर दोघांनी मिळून ती उचलावी, एकाने धरून ठेवावी आणि दुसऱ्याने ब्रॅकेट क्रॉसबारला लावावीत. चेन बाहेरच्या अंगाला आली आहे ना, हे उचलण्याआधी तपासावे, कारण उलटी बसलेली ऑनिंग पुन्हा सगळी खोलावी लागते.

इथे पाणसळ लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. सोसायटीच्या आवारातील फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे पाणसळीने सरळ दाखवलेली ऑनिंग छताशी तिरपी बसू शकते. त्याऐवजी छताची कड हाच आधार मानून पुढच्या आणि मागच्या टोकाचे अंतर टेपने मोजावे आणि दोन्ही सारखे आले की बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत आवळावेत. ताकद लावून एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पट्टी पिळते. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेले आणि सहज सैल न होणारे, वापरावेत आणि प्रत्येक ठिकाणी वॉशर द्यावा.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी, किंवा तिकडे वरचेवर जाणाऱ्यांनी, एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनिअमच्या पट्टीला थेट टेकला आणि मध्ये खारा ओलावा आला की ॲल्युमिनिअम खाल्ले जाते व पांढरी भुकटी दिसू लागते. नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर थोडे ग्रीस इतक्याने हे पुष्कळ लांबते. त्या ग्रीसचा दुसरा फायदा असा, की स्टेनलेसचे नट-बोल्ट आवळताना आट्यांत चिकटून कायमचे अडकण्याची जी खोड असते, तीही टळते. ग्रीस लावलेला बोल्ट हाताला हलका लागतो, म्हणून तो अंदाजापेक्षा जास्त पिळला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

बसवून झाल्यावर घराजवळच ऑनिंग दोन-तीनदा उघडून मिटावी, सगळी दारे पुन्हा उघडून पाहावीत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. खडखडाट आला तर तो बहुधा पिशवीच्या आत सैल पडलेल्या पायांचा असतो. त्यांच्याभोवती जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे गुंडाळले की तो थांबतो. गाडीची नवी एकूण उंची आणि रुंदी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावी. शहरातील वाहनतळाच्या आडव्या दांडीखालून जाताना ती उपयोगी पडते.

गाडी कोणत्या दिशेला लावावी

ऑनिंगच्या मापाइतकीच गाडीची दिशाही महत्त्वाची आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे मुक्कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरअखेरीस पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. अशा वेळी ऑनिंग दक्षिणेकडे उघडली आणि कापड २.१ मीटर उंचीवर असले, तर त्याची जमिनीवरील सावली जवळजवळ १.९ मीटर उत्तरेकडे सरकते. म्हणजे दोन मीटर रुंद छपराची बहुतेक सगळी सावली गाडीखाली आणि गाडीच्या अंगावर पडते, आणि खुर्चीत बसलेल्याचे गुडघे उन्हात राहतात. तीच गाडी वळवून ऑनिंग उत्तरेला उघडली की गाडीची स्वतःची सावलीही पदरात पडते. मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा दुपारी दिशेने फरक पडत नाही, पण संध्याकाळी पश्चिमेचे ऊन आत शिरतेच. त्यासाठी पुढच्या दांडीला अडकवता येईल अशी शेतीच्या जाळीची एक पट्टी जवळ ठेवावी. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून ती कापडी पडद्यापेक्षा बरी.

समुद्रकिनारी मात्र हे गणित वाऱ्याशी भांडते. दुपारनंतर खारे वारे पश्चिमेकडून येतात, आणि समुद्र दिसावा म्हणून ऑनिंग त्याच दिशेला उघडली तर वारा कापडाखाली शिरून ते वर उचलतो. गाडी वाऱ्याच्या आड घ्यावी, म्हणजे ऑनिंग जमिनीकडच्या अंगाला उघडावी आणि समुद्र पाहायचा तर खुर्ची उचलून चार पावले पुढे जावे. रात्री मतलई वारे उलट दिशेने वाहतात. ते बहुधा सौम्य असतात, तरी झोपण्यापूर्वी ऑनिंग मिटवावी हा नियम कायम ठेवावा.

वाऱ्याचा हिशेब

दोन बाय अडीच मीटरचे कापड म्हणजे पाच चौरस मीटर. ताशी २० किलोमीटरचा वारा त्यावर काटकोनात आदळला तर सुमारे साडेनऊ किलोंचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरच्या झोतात तोच आकडा ३८ किलोंच्या घरात जातो. हा सगळा भार शेवटी त्या दोन ब्रॅकेटवर आणि जमिनीत ठोकलेल्या मेखांवर येतो. वळवाच्या पावसाआधी जो अचानक झोत येतो, किंवा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर, जिथे पवनचक्क्याच उभ्या आहेत, तिथे जो वारा सतत वाहतो, त्यात ऑनिंग उघडायचीच नाही.

तणावे प्रत्येक पायाला दोन, एकमेकांशी काटकोन करून बांधावेत आणि सरकगाठ ठेवावी, म्हणजे नंतर ताण कमी-जास्त करता येतो. मेख ऑनिंगपासून दूर झुकलेली ठोकावी. वाळूत साधी मेख धरत नाही. तिथे जाड पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून, ती हातभर खोल पुरावी. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तर मेख जातच नाही. अशा ठिकाणी वीस लिटरचे पाण्याचे कॅन पायांना बांधण्याची पद्धत आहे, पण वरचा हिशेब पाहता एक भरलेला कॅन वीस किलोंचाच असतो, आणि तो मंद वाऱ्यापुरताच विश्वासाचा आहे हे ध्यानात ठेवावे.

उघडताना क्रम असा: चेन उघडून कापडाला बांधलेले पट्टे सोडावेत, कापड हातभर बाहेर ओढून एक पाय खाली सोडावा, मग दुसरा; दोन्ही पाय टेकल्यावर कापड पूर्ण पुढे न्यावे, आडव्या दांड्या लांब करून खाचेत बसवाव्यात आणि लगेच तणावे बांधावेत. चहा ठेवणे, खुर्च्या काढणे हे सगळे तणाव्यांनंतर. गाडीची किल्ली ऑनिंगच्या पायाला अडकवण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे उघड्या ऑनिंगसह गाडी हलवण्याचा प्रश्नच उरत नाही.

पाऊस आणि स्वयंपाक

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच चौरस मीटर कापडावर दहा मिलिमीटर पाऊस साचू दिला तर पन्नास किलो वजन मधोमध लोंबू लागते आणि आडव्या दांड्या वाकतात. म्हणून गाडीपासून पुढे उतार द्यावा आणि पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा १०-१५ सेंटिमीटर खाली ठेवावा, म्हणजे पागोळ्या एकाच कोपऱ्यातून, दारापासून दूर गळतील. ही तजवीज हलक्या सरीसाठी आहे. कोकणातील जूनच्या पावसात ऑनिंग उघडू नये. उलट पावसाळ्यापूर्वी ती काढून घरात ठेवली तर तिचे आयुष्य वाढते.

ऑनिंगखाली शेगडी पेटवताना ती कापडाच्या बाहेरच्या कडेला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावी, कारण पॉलिएस्टर ठिणगीने वितळते. चारही बाजूंनी पडदे लावून आत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नये. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास २०१९ पासून कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा तिकडे जेवणाची व्यवस्था वेगळी करावी.

आवरणे आणि निगा

मिटताना कापडावरची वाळू, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा आधी झाडून टाकावी, नाहीतर गुंडाळीत ती घासून लेप खरवडते. दोघांनी दोन टोके धरून, सुरकुती न पडू देता, सारख्या ताणाने गुंडाळावे. घाईत एका टोकाला जाड झालेली गुंडाळी पिशवीत मावत नाही आणि चेनवर जबरदस्ती होते. कापड ओलेच मिटावे लागले तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून पूर्ण वाळवावे. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे, पण कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिने पाणी झटकणारा लेप निघतो. चेनच्या दातांवर मेणबत्ती घासली की ती सहज सरकते. चेन तुटणे ही पिशवीतल्या ऑनिंगची नेहमीची दुखापत आहे. बॅगा शिवणारा कारागीर ती बदलून देतो, मात्र धावत्या गाडीत ती अर्धवट उघडी राहू नये म्हणून पिशवीभोवती दोन बकलाचे पट्टे कायम आवळून ठेवावेत.